हेक्टरी किती, पण कुठल्या हेक्टरी?



होटगीत येऊन ज्वारीवर बोलायचं म्हणजे पंढरपुरात जाऊन अभंग समजावून सांगण्यासारखं आहे. समोर बसलेल्यांना बोलणाऱ्यापेक्षा जास्त ठाऊक असतं. त्यामुळे ज्वारी कशी पेरावी, कधी पेरावी, हे आम्ही आज सांगणार नाही. आज आम्ही बोलणार आहोत ते ज्वारीच्या संशोधनाबद्दल, आणि त्यातल्याही एका लहानशा गोष्टीबद्दल. वाणाच्या नावापुढे जो आकडा छापलेला असतो ना, ‘हेक्टरी 25 ते 28 क्विंटल’, त्या आकड्याबद्दल.

पुस्तक आलं की त्याची समीक्षा होते. नाटक आलं की होते. नवीन वाण आला की मात्र फक्त बातमी होते. वाण प्रसारित करणारी समिती तपासणी करते हे खरं, पण ती आतल्या लोकांनी आतल्या लोकांसाठी केलेली. तो आकडा बाहेर येऊन शेतकऱ्याच्या हातात पडतो, तेव्हा त्याला कुणी उलटसुलट प्रश्न विचारत नाही. आज आपण ते करू. आणि आधीच सांगतो, ही तपासणी कुणाला खोटं पाडायला नाही. आकडे खरे आहेत. अडचण वेगळी आहे: ते अर्धे आहेत.

सुरुवात जागेपासून करू. होटगी जंक्शनवरून एक फाटा दक्षिणेला विजयपूरकडे आणि पुढे गदगला जातो. हा मार्ग 1880 च्या दशकातला. या फाट्याने गाडीत बसून गेलं, तर दोन्ही बाजूंना रब्बी ज्वारीचाच मुलूख लागतो. 1956 ला मधून राज्याची हद्द गेली, तिकडे कन्नड, इकडे मराठी, पण जमीन तीच, सप्टेंबरचा पाऊस तोच आणि भाकरीही तीच. याच पट्ट्यात, सोलापूरला आणि विजापूरला, 1930 च्या दशकात कोरडवाहू शेतीची संशोधन केंद्रं सुरू झाली. सोलापूरचं केंद्र 1933 चं. त्यामागे तेव्हाच्या इंपीरियल कौन्सिल ऑफ ॲग्रिकल्चरल रिसर्चची योजना होती. त्याच्याही आधी 1920 च्या दशकात मांजरीला, पुण्याजवळ, कोरडवाहू शेतीचे पहिले प्रयोग सुरू झाले होते. ना. वि. कानिटकर हे त्या कामातलं मोठं नाव. भारतातल्या कोरडवाहू शेतीवरचा त्यांचा ग्रंथ 1944 ला निघाला. म्हणजे आपल्या दाराशी जवळजवळ नव्वद वर्षांची परंपरा आहे. मुळेगावचं प्रक्षेत्र इथून काही लांब नाही.

या लोकांनी त्या वेळी काय ओळखलं? तर या भागात पीक पावसावर येत नाही, ओलीवर येतं. ऐकायला दोन्ही एकच वाटतात, पण बघा. खरिपाचं पीक पाऊस पडत असताना वाढतं. रब्बी ज्वारी पेरली जाते सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत, आणि त्यानंतर पाऊस बहुतेक संपलेलाच असतो. चार महिने ते पीक जमिनीत साठलेल्या पाण्यावर जगतं. पोटरी, निसवणं, दाणा भरणं, सगळं त्याच साठ्यातून. म्हणजे जमीन ही इथे नुसती जमीन नाही, ती टाकी आहे. आणि टाकी केवढी, हे ठरतं मातीच्या खोलीवर. एक मिलिमीटर ओल म्हणजे हेक्टरी दहा हजार लिटर पाणी. मुरमाड माळावर, जिथे फुटभर मातीखाली पहार खणकन वाजते, तिथे टाकी लहान. सीना-भीमेच्या काठी, हत्तरसंग कुडलच्या बाजूला, जिथे दोन-तीन फूट खणलं तरी काळीच माती लागते, तिथे टाकी मोठी. एकाच गावात दोन्ही असतात. आमच्या पाहण्यात असे गट आहेत, जिथे एकाच बांधाच्या आत वरच्या अंगाला बरड आणि खालच्या अंगाला भारी जमीन आहे. नकाशावर एकच गट नंबर, पेरणीला मात्र दोन वेगळे प्रदेश.

आता या चित्रात बियाणं आणू.

मालदांडी. हे नाव इथे सांगायची गरज नाही. पण त्याचा संशोधनातला इतिहास सांगण्यासारखा आहे. मोहोळच्या केंद्रावर, स्थानिक मालदांडीच्या मिश्र पिकातून निवड करून 1930 च्या दशकात एक वाण वेगळा काढला गेला. त्याचं नाव एम 35-1. निवड म्हणजे काय, तर संकर नाही, काही नवं घडवणं नाही. शेतकऱ्यांनी शेकडो वर्षं राखलेल्या गर्दीतून चांगली कणसं उचलायची, त्यांची ओळ वेगळी वाढवायची, तपासायची, पुन्हा निवडायची. साधं काम, पण चिकाटीचं. आणि त्या साध्या कामातून निघालेला हा वाण आज ऐंशीहून अधिक वर्षांनंतरही महाराष्ट्रात आणि कर्नाटकात, हद्दीच्या दोन्ही बाजूंना, पेरला जातो.

यावर नेहमीचं भाष्य असं असतं की, आपला शेतकरी जुन्याला चिकटून बसतो, नवं तंत्रज्ञान स्वीकारत नाही. आम्हाला हे भाष्य मुळीच पटत नाही. याच शेतकऱ्याने खरिपात काय केलं ते पाहा. 1964 ला सीएसएच-1 हा देशातला पहिला संकरित ज्वारीचा वाण आला. त्याची आई अमेरिकेतली, आफ्रिकी काफिर गटातली, बुटकी ज्वारी. आणि बघता बघता महाराष्ट्रात ‘हायब्रीड’ हा शब्द भाकरीला चिकटला. खाणाऱ्यांनी नाकं मुरडली, पावसात सापडली की दाणा काळा पडायचा, पण पेरणाऱ्यांनी ती पेरली. 1972 च्या दुष्काळात परदेशची लाल मिलो खाल्लेल्या पिढीला हायब्रीडची भाकरी वाईट वाटली तरी पोट भरणारी होती. म्हणजे खरिपात जिथे फायदा दिसला तिथे याच माणसांनी आजोबांचं बियाणं काही वर्षांत बाजूला ठेवलं. मग रब्बीत तोच माणूस एकदम परंपरावादी कसा काय झाला?

रब्बीसाठीही संकरित वाण काढले गेले. सीएसएच-15 आर, सीएसएच-19 आर, अशी नावं कृषी पदवीधरांनी परीक्षेसाठी पाठ केलेली आहेत. शेतात ती फारशी रुजली नाहीत. कारणं ठाऊक आहेत. खोडमाशी: रोप लहान असतानाच पोंगा मरतो, आणि मालदांडी या बाबतीत त्यातल्या त्यात टिकणारी. डिसेंबरची थंडी: फुलोऱ्यात गारठा आला की संकरित कणसात दाणे कमी धरतात. खडखड्या: शेवटी ओल संपली की ताट बुडाशी पोकळ होतं आणि आडवं पडतं. आणि दाणा. रब्बीचा दाणा टपोरा, गोल, मोत्यासारखा चकचकीत हवा, नाहीतर आडतीवर भाव मिळत नाही. प्रयोगाच्या वहीत क्विंटल वाढले, पण या चारांपैकी दोन जरी बिघडले तरी शेतकऱ्याचा हिशेब बिघडतो. तेव्हा मालदांडी टिकली हा शेतकऱ्याच्या मागासपणाचा पुरावा नसून रब्बी संशोधनाने उत्पादन या शब्दाचा जो अर्थ धरला त्यावरचा शेतकऱ्याचा अभिप्राय आहे, असं आमचं मत आहे.

तो अर्थ काय होता, ते आता नीट पाहू. आजच्या बोलण्याचा हाच मधला भाग आहे, आणि थोडा हिशेब करावा लागेल, तर सांभाळून घ्या.

वाण तपासतात कसा? अनेक केंद्रांवर, दोन-तीन वर्षं, लहान लहान वाफ्यांत, चिठ्ठ्या टाकून क्रम लावून. शेजारी तुलनेसाठी एखादा जुना वाण असतो, बहुतेक वेळा एम 35-1 च. कापणी करून वजन घेतात, सगळ्या केंद्रांची सरासरी काढतात. जो वाण सरासरीत जुन्यापेक्षा ठरावीक फरकाने पुढे, तो पास. पद्धत म्हणून यात गैर काही नाही. शंभर वर्षांपूर्वी इंग्लंडात फिशर यांनी शेतावरच्या प्रयोगांना हे शास्त्र दिलं, आणि आपल्याकडे पानसे आणि सुखात्मे यांनी ते रुजवलं. पां. वा. सुखात्मे आपल्या सातारा जिल्ह्यातल्या बुधचे. त्यांचं आणि पानसे यांचं शेती संख्याशास्त्राचं पुस्तक 1954 चं, आणि कृषी विद्यापीठांतल्या पिढ्या त्यावर वाढल्या.

पण सरासरी काय लपवते ते पाहा. समजा, दोन वाण आहेत. आकडे आम्ही समजावण्यासाठी घेतलेत, कुठल्या खऱ्या वाणाचे नाहीत. पहिला वाण भारी जमिनीत हेक्टरी 28 क्विंटल देतो आणि हलक्या जमिनीत 4. दुसरा भारी जमिनीत 22 आणि हलक्या जमिनीत 9. आता चार केंद्रांवर चाचणी घेतली, त्यातली तीन भारी जमिनीवरची आणि एक हलकीवरचं. पहिल्याची सरासरी येते 22, दुसऱ्याची पावणेएकोणीस. पहिला वाण जिंकला. आता उलट करा. एक केंद्र भारी आणि तीन हलकी. पहिल्याची सरासरी 10, दुसऱ्याची सव्वाबारा. दुसरा जिंकला. बियाणं तेच आहे. एका दाण्याचाही फरक नाही. फरक पडला तो चाचणीसाठी जागा कुठल्या निवडल्या यात. म्हणजे निकाल बियाण्याने दिला की जागा निवडणाऱ्याने?

संशोधन केंद्रांच्या जमिनी कशा असतात हे तुम्हाला माहीत आहे. सपाट केलेल्या, बांधबंदिस्ती झालेल्या, वेळेवर कोळपणी, गंधक चोळलेलं बियाणं, वेळेवर फवारणी. चाचणीसाठी जमीन एकसारखी लागते, नाहीतर फरक बियाण्याचा की मातीचा हे कळत नाही. ती अट शास्त्राची आहे, आम्हाला मान्य आहे. पण एकसारखी जमीन शोधताना चांगली जमीन निवडली जाते, आणि मग चांगल्या जमिनीत चांगला ठरणारा वाण पुढे जातो. यात कुणी बदमाशी केली असं नाही. पद्धतीचा तो आपोआपचा कल आहे, आणि बरडावरच्या माणसाला तो महागात पडतो.

शास्त्रज्ञांना हे कळलं नव्हतं का? कळलं होतं. 1963 ला फिनले आणि विल्किन्सन यांनी आणि 1966 ला एबरहार्ट आणि रसेल यांनी यावर उत्तर काढलं. वाण वेगवेगळ्या परिस्थितींत कसा वागतो ते एका रेषेवर मांडायचं: चांगल्या जागी किती उसळी घेतो आणि वाईट जागी किती कोसळतो. त्याला स्थिरता म्हणतात. कल्पना सुंदर आहे. आपल्या विद्यापीठांमध्ये या पद्धतीने किती प्रबंध लिहिले गेले असतील त्याची गणती करणं अवघड आहे. आणि तरी आम्हाला त्या प्रबंधांबद्दल तक्रार आहे.

ती अशी. या पद्धतीत ‘परिस्थिती चांगली की वाईट’ हे कसं मोजतात? तर त्या जागी सगळ्या वाणांचं मिळून सरासरी उत्पादन किती आलं त्यावरून. जास्त आलं तर परिस्थिती चांगली, कमी आलं तर वाईट. म्हणजे जमिनीची परीक्षा पिकानेच घेतली आणि पिकाची परीक्षा त्याच जमिनीवर! गणित बरोबर येतं. पण त्या जागी माती किती खोल होती, पेरणीच्या दिवशी ओल किती होती, शेवटचा पाऊस कधी झाला, थंडी कधी पडली, हे त्या आकड्यातून पुसलं जातं. प्रबंधात लिहिलेलं असतं की, अमुक वाण ‘प्रतिकूल परिस्थितीस अनुकूल’. पण प्रतिकूल म्हणजे काय? माळ? की पाऊस न झालेलं वर्ष? की उशिराची पेरणी? या तिन्ही गोष्टी वेगळ्या आहेत आणि तिन्हींत वेगळा वाण लागू शकतो. माळावर लवकर तयार होणारा वाण लागतो, कारण ओल संपायच्या आत त्याने दाणा भरायला हवा. भारी जमिनीत लवकर तयार होणारा वाण लावला तर खाली पाणी शिल्लक राहतं आणि वर पीक वाळून गेलेलं असतं, तेही नुकसानच. पर्यावरण मोजायचं तर पहार, ओलीचं माप आणि तारीख घेऊन मोजायला हवं. ती मोजमापं अनेकदा केंद्रावर झालेली असतात, प्रबंधाच्या शेवटच्या कोष्टकात मात्र उतरत नाहीत.

या उलट काम कसं दिसतं त्याचं एक उदाहरण सांगतो. हैदराबादजवळ पातंचेरूला इक्रिसॅट आहे, 1972 पासून. तिथे मोठ्या उंच नळकांड्यांत माती भरून, एकेका नळकांड्यात ज्वारी वाढवून, वेळोवेळी वजन करून झाडाने कुठल्या आठवड्यात किती पाणी वापरलं ते मोजलं गेलं. त्यातून जी समज पुढे आली ती आपल्या आजोबांना ऐकवली असती तर त्यांनी मान डोलावली असती. पीक एकूण किती पाणी पितं याच्याइतकंच, दाणा भरताना पिण्यासाठी किती शिल्लक ठेवतं हे महत्त्वाचं. सुरुवातीला पाला माजवणारं झाड टाकी लवकर रिकामी करतं. शेवटपर्यंत हिरवं राहणारी जी ज्वारी जगभर अभ्यासली गेली, तिचं मूळ इथिओपियात आहे, आणि तिच्या हिरवेपणाचं एक कारण असं की ती आधी काटकसरीने राहते. या संशोधनात ‘हेक्टरी किती’ हा प्रश्न बाजूला ठेवून ‘कुठल्या आठवड्यात किती’ असं विचारलं गेलं. तेव्हा जनुकं आणि जमीन एकमेकांशी बोलताना दिसली.

आता श्रेय द्यायचं तिथे देऊ. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने रब्बी ज्वारीची जी शिफारस केली आहे, ती जमिनीच्या खोलीप्रमाणे आहे. हलक्या जमिनीला फुले अनुराधा, फुले माऊली. मध्यम जमिनीला फुले सुचित्रा. भारीला फुले वसुधा, फुले यशोदा. पाण्याची सोय असेल तर फुले रेवती. आमच्या मते, या पिकाच्या संशोधनातून शेतकऱ्याच्या हातात आलेली ही सगळ्यात शहाणी गोष्ट आहे. नव्वद वर्षांपूर्वी जे ओळखलं ते इथे कोष्टकात उतरलं. आकडेही पाहा. फुले अनुराधा हलक्या जमिनीत हेक्टरी 8 ते 10 क्विंटल धान्य, 30 ते 35 क्विंटल कडबा, 105 ते 110 दिवसांत. फुले रेवती भारी जमिनीत, पाण्याखाली, 40 ते 45 क्विंटल धान्य आणि 90 ते 100 क्विंटल कडबा.

हे दोन आकडे शेजारी ठेवले तर अनुराधा बिचारी दिसते. चौपटीहून जास्त फरक! पण ही तुलनाच चुकीची आहे. रेवती माळावर पेरून बघा, मग कळेल बिचारी कोण ते. आणि गडबड इथेच होते. कोष्टक विद्यापीठाच्या पुस्तिकेत पूर्ण असतं. तिथून ते बातमीत येतं, बातमीतून दुकानात, दुकानातून मोबाइलवरच्या निरोपात, आणि प्रत्येक टप्प्यावर एकेक रकाना गळतो. आधी कडब्याचा, मग दिवसांचा, मग जमिनीचा. शेवटी उरतं काय, तर नाव आणि मोठ्यातला मोठा आकडा. दुकानात एखादे काका विचारतात, “हे वाण कसं आहे हो?” उत्तर मिळतं, “चाळीस-पंचेचाळीस क्विंटल, काका.” कुठली जमीन, किती पाणी, हे काका विचारत नाहीत आणि दुकानदार सांगत नाही. पुढच्या जानेवारीत ताटं करपली की वाण बदनाम होतो. मग काका परत मालदांडीकडे, आणि आपण परत म्हणायला मोकळे की शेतकरी नवं स्वीकारत नाही.

कडब्याचा रकाना पहिल्यांदा गळतो असं म्हटलं, त्यावर जरा थांबू. रब्बी ज्वारी हे दोन पिकांचं एक पीक आहे. धान्य घरात जातं, कडबा गोठ्यात. दुष्काळाच्या वर्षी, 2012-13 किंवा 2018-19 ला जेव्हा चारा छावण्या लागल्या, तेव्हा कडब्याच्या शेकड्याचा भाव काय होता ते तुम्ही आम्हाला सांगाल. अशा वर्षी दाणा भरला नाही तरी ताट उभं राहिलं तर जनावर वाचतं. आता मोजमापाची गंमत बघा. शास्त्रज्ञ कडबा क्विंटलमध्ये मोजतो, बाजार पेंढीत. पेंढी किती जाड, ताट गोड की निबर, पाला टिकला की गळून गेला, जनावर बुडखा खातं की टाकून देतं, हे क्विंटलला कळत नाही. बुटका वाण धान्याच्या चाचणीत शहाणा ठरतो, गोठ्यात मात्र तो उपयोगाचा नाही. मालदांडी उंच आहे, आणि म्हणून तिच्या कडब्याला गिऱ्हाईक आहे. बियाणं निवडणारा माणूस आणि म्हैस सांभाळणारी बाई एकाच घरातली असतात. चाचणीच्या वहीत मात्र तिच्यासाठी रकाना नाही.

आणखी एक गोष्ट, विविधतेची. आपण ‘मालदांडी’ म्हणतो तेव्हा नेमकं काय म्हणतो? एम 35-1 ही एका मोठ्या गर्दीतून उचललेली एक ओळ आहे. शेतकऱ्यांकडे पिढ्यान्‌पिढ्या घरचं बियाणं म्हणून जी मालदांडी आहे ती तशीच्या तशी एम 35-1 असेलच असं नाही. ज्वारी बहुतांशी स्वतःच्याच परागावर धरते, पण काही प्रमाणात शेजारच्या ताटाचा पराग येतोच. त्यामुळे गावागावातली मालदांडी थोडी थोडी वेगळी, आपापल्या मातीला सरावलेली. चाचणीत मात्र नव्या वाणाची तुलना होते केंद्रावरच्या शुद्ध एम 35-1 शी. घरच्या मालदांडीशी नव्या वाणाची गाठ पडते ती थेट शेतात, आणि तोपर्यंत निकाल लागलेला असतो.

मालदांडीच्या पलीकडेही नावं आहेत. दगडी, दुकरी, हुरड्याची गूळभेंडी, कुचकुची. इक्रिसॅटच्या जनुकपेढीत ज्वारीचे पस्तीस हजारांहून जास्त नमुने आहेत. आकडा ऐकून बरं वाटतं. पण रब्बीचे सुधारित वाण ज्यांच्यातून निघाले ती आईबापं मोजली तर घराणं लहान आहे. बरेचसे मालदांडीच्याच भाऊबंदांतले. ते स्वाभाविकही आहे, कारण बाहेरचं रक्त आणलं की दाण्याचा मोतीपणा जातो आणि भाकरीची चव जाते. पण सगळ्यांची सहनशक्ती एकाच घरातून आली असेल तर सगळ्यांची दुबळेपणाची जागाही एकच असणार. शीतपेटीत पस्तीस हजार आणि शेतात चार, या दोहोंच्या मध्ये काम करणारी माणसं कमी आहेत, आणि ते काम दहा-पंधरा वर्षं चालतं. तीन वर्षांच्या प्रकल्पात ते बसत नाही.

आता सरकारी कागदांकडे येऊ, कारण आकड्यांची खरी सत्ता तिथे चालते. केंद्र सरकार हमीभाव जाहीर करतं तेव्हा ज्वारीच्या दोन ओळी असतात: संकरित आणि मालदांडी. 1930 च्या दशकातल्या एका निवडीचं नाव आज भावाच्या यादीत आहे, दुसऱ्या कुठल्या वाणाच्या वाट्याला असा मान क्वचितच आला असेल. 2024-25 ला संकरितला 3,371 रुपये आणि मालदांडीला 3,421. फरक पन्नास रुपये. आणि हे दोन्ही भाव जाहीर होतात खरीप पिकांच्या यादीत! जूनमध्ये. मालदांडी पेरायला तेव्हा तीन महिने असतात आणि ती बाजारात यायला आठ. म्हणजे कागदाला मालदांडीचं नाव कळलं, हंगाम कळला नाही. आमच्यासारख्या टीकाकाराला अशा जागा आयत्या मिळतात.

विम्याचं त्याहून गंभीर आहे. 2016 पासूनच्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेत भरपाईचा आधार आहे पीक कापणी प्रयोग, महसूल मंडळाची सरासरी. सुखात्मे-पानसे यांच्या काळात ही नमुना पद्धत आली ती राज्याचं, जिल्ह्याचं उत्पादन किती हे प्रामाणिकपणे कळावं म्हणून. त्या कामासाठी ती उत्तम आहे. पण तीच सरासरी एका मंडळातल्या माळाला आणि काळीला एकत्र तोलते तेव्हा, काळीत बरं पिकलं तर माळावरच्या माणसाचं नुकसान सरासरीत बुडून जातं. पुन्हा तेच, मघाशी केलेलं चार केंद्रांचं गणित. फक्त तिथे वाण पास-नापास होत होता, इथे माणूस होतो. आणि त्यात कडबा मोजला जात नाही, हे वेगळं सांगायला नको.

शेवटचा कागद. 2015 पासून मृद आरोग्य पत्रिका मिळते. त्यात बारा गोष्टी असतात: सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबं, मंगल, बोरॉन. चांगली पत्रिका आहे, खताला उपयोगी आहे. त्यात मातीची खोली नाही. सातबाऱ्यावरही नाही. एकीकडे विद्यापीठ सांगतं, खोली बघून वाण निवडा. दुसरीकडे ज्या कागदावर सरकार तुमच्या मातीची ओळख लिहून देतं, त्यावर खोलीला जागाच नाही. रब्बी ज्वारीच्या नव्वद वर्षांच्या संशोधनातून निघालेला सर्वांत महत्त्वाचा एक आकडा, मोजायला सगळ्यात सोपा आणि स्वस्त, प्रयोगशाळा न लागणारा, तोच नेमका राहिला आहे. तेरावी ओळ छापायला खर्च येणार नाही.

तोवर पहार आपल्या घरात आहे. गटात चार ठिकाणी ठोकून बघा, मुरूम कुठे लागतो ते. फुटभरात लागला तर त्या तुकड्याला हलका म्हणा, दोन फुटांपर्यंत मध्यम, त्याच्या खाली काळीच असेल तर भारी. त्याप्रमाणे बांधाच्या आत दोन वाण पेरावे लागले तरी चालेल, तिफणीला त्यात काही अडचण नाही. आणि पुढच्या वेळी कुणी हेक्टरी पंचवीस क्विंटल म्हटलं, मग तो दुकानदार असो की आमच्यासारखा व्याख्यान देणारा, तर त्याला तीन गोष्टी विचारा: माती किती फूट होती, पेरणी कुठल्या तारखेची होती, आणि कडबा किती निघाला. आता तुमचे प्रश्न घेऊ.